पोथ्यांचा वंश आणि जिवाणूंचा वंश : अन्नजन्य रोगजंतूंच्या वाण-निश्चितीच्या पद्धतींचा तौलनिक विचार

साल्मोनेला या जिवाणूच्या शास्त्रीय नामावळीत 'पूना' आणि 'बरेली' ही दोन नावे आढळतात. या जिवाणूचे 2,500 हून अधिक प्रकार नोंदले गेले असून त्यांतील बऱ्याच प्रकारांना ते ज्या गावी प्रथम सापडले त्या गावाचे नाव देण्याची प्रथा आहे. 2015 साली अमेरिकेच्या 40 राज्यांत 907 माणसांना 'साल्मोनेला पूना'ची बाधा झाली. तिचे मूळ मेक्सिकोतून आलेल्या काकड्यांत निघाले. पुणे शहराशी त्या साथीचा सुतराम संबंध नव्हता. नाव हे एका गोष्टीचे, वंश दुसऱ्या गोष्टीचा, आणि त्या वेळचे वास्तव्य तिसऱ्याच ठिकाणी, असा हा प्रकार आहे. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला तो मुळीच अपरिचित वाटू नये. महाभारताच्या पोथ्यांना 'शारदा', 'ग्रंथ', 'मल्याळम', 'देवनागरी' अशी लिपींवरून नावे दिली जातात, ती सोयीची असतात आणि पुष्कळदा पाठपरंपरेशी जुळतातही. परंतु लिपी म्हणजे वंश नव्हे, हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात चिकित्सक आवृत्तीचे काम करताना वि. स. सुखठणकर यांना पावलोपावली ध्यानात ठेवावे लागले. देवनागरी प्रतींनी तर इतक्या शाखांचे पाठ आत्मसात केलेले होते की, त्यांच्या लिपीवरून पाठाविषयी फारसे काही सांगता येत नव्हते.

अन्नातून पसरणाऱ्या जिवाणूंचे वाण एकमेकांपासून वेगळे ओळखण्याच्या ज्या रेणवीय पद्धती गेल्या चार-पाच दशकांत विकसित झाल्या, त्यांचा परिचय साहित्याच्या अभ्यासकांना करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय वरकरणी परका आहे. पण प्रश्न तोच आहे : एकाच मुळातून उतरलेल्या, थोड्याथोड्या फरकांच्या अनेक प्रती हाती असताना कोणती कोणापासून उतरली हे कसे ठरवावे, आणि किती फरक पडला म्हणजे 'वेगळी' म्हणावे? फरक एवढाच की, येथे निर्णय चुकला तर त्याची किंमत तळटीपेत चुकवता येत नाही.

जिवाणू दुभागतो तेव्हा त्याला आपल्या डीएनएची संपूर्ण नक्कल करावी लागते. साल्मोनेलाच्या बाबतीत ही संहिता सुमारे 48 लाख अक्षरांची असते, आणि वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची : ए, टी, जी, सी. नक्कल करणारी यंत्रणा कोणत्याही लेखनिकाला लाजवील इतकी अचूक असते. तरीही क्वचित एखादे अक्षर चुकते, आणि चुकलेले अक्षर पुढच्या सर्व प्रतींत तसेच उतरत जाते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत लाखमन व त्याचे समकालीन यांच्या हाती जी पाठचिकित्सा आकाराला आली, तिचे मर्म हेच होते की, शुद्ध पाठ अनेक प्रतींत समान असल्याने काही सिद्ध होत नाही, समान चूक मात्र समान पूर्वज दाखवते. जिवाणूंची वंशावळ मांडणारा शास्त्रज्ञ हेच तत्त्व वापरतो. या सर्व पद्धतींमधील भेद तत्त्वाचा नसून वाचनाचा आहे : संहितेचा किती भाग, किती बारकाईने, आणि कशाच्या मदतीने वाचावयाचा.

अगदी आरंभीच्या पद्धती संहिता वाचतच नसत. पृष्ठभागावरील प्रथिने व शर्करा ओळखून प्रकार ठरवावयाचा, ही वर उल्लेखिलेली 'पूना-बरेली'ची पद्धत. हिमाचल प्रदेशात कसौली येथील केंद्रीय संशोधन संस्थेतले राष्ट्रीय केंद्र साल्मोनेलाची अशी ओळख पटवण्याचे काम अनेक दशके करीत आले आहे. पोथीची लिपी पाहून गठ्ठे लावण्यासारखे हे काम आहे, आणि गठ्ठे लावल्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही. दुसरी पद्धत जिवाणुभक्षक विषाणूंची. 1938 साली कॅनडात क्रेगी व येन यांनी विषमज्वराच्या जंतूंसाठी ती मांडली. ठरावीक विषाणूंचा एक संच घ्यावयाचा आणि हाती असलेला जिवाणू त्यांपैकी कोणाला बळी पडतो व कोणाला दाद देत नाही, हे पाहावयाचे. पद्धत स्वस्त आणि जलद. परंतु विषाणूंचे संच मोजक्या केंद्रांकडेच असत, आणि निर्णय पुष्कळसा पाहणाऱ्याच्या सरावलेल्या नजरेवर अवलंबून असे. जुन्या पोथ्यांचा कागद बोटांनी चाचपून काळ सांगणारे पंडित जसे होते, तसे या पद्धतीचेही जाणकार होते. त्यांचे ज्ञान खरे होते, पण ते दुसऱ्याच्या हाती देता येत नव्हते.

1984 साली श्वार्ट्झ आणि कँटर यांनी मांडलेल्या पल्स्ड-फील्ड जेल इलेक्ट्रोफोरेसिस या पद्धतीने चित्र पालटले. तिचे कार्य थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे, कारण पुढची दोन दशके अन्नजन्य साथींचा सारा तपास तिच्यावर उभा होता. जिवाणूचा डीएनए हा फार लांब आणि नाजूक धागा असतो; साध्या हाताळणीनेही तो तुटतो. म्हणून जिवाणूंना प्रथम ॲगरोजच्या लहानशा वडीत बसवतात आणि वडीच्या आतच त्यांची आवरणे विरघळवतात. मग एक विशिष्ट विकर, म्हणजे एन्झाइम, त्या वडीत सोडतात. हे विकर सहा अक्षरांचा एक ठरावीक क्रम दिसेल तेथेच धागा कापते. साल्मोनेला व ई. कोलाय यांच्यासाठी नेहमी वापरले जाणारे विकर ज्या क्रमावर कापते, तो क्रम या जिवाणूंच्या संहितेत कमालीचा दुर्मिळ असतो. त्यामुळे 48 लाख अक्षरांचे तुकडे सुमारे दहा ते वीसच पडतात. हे तुकडे इतके मोठे असतात की, साध्या विद्युत्क्षेत्रात ते सारे जेलमधून जवळजवळ एकाच गतीने सरकतील. क्षेत्राची दिशा ठरावीक वेळाने बदलत राहिली की मात्र मोठ्या तुकड्यांना वळावयास जास्त वेळ लागतो, लहान चटकन वळतात, आणि अनेक तासांनंतर ते आपापल्या लांबीप्रमाणे वेगळे झालेले दिसतात. रंग दिल्यावर उरते ती पट्ट्यांची एक शिडी. दोन जिवाणूंच्या शिड्या जुळल्या तर ते एकाच वाणाचे असावेत, असे अनुमान.

1993 च्या आरंभी अमेरिकेच्या पश्चिमेकडील चार राज्यांत अर्धेकच्चे राहिलेले हॅम्बर्गर खाऊन 700 हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. जिवाणू होता ई. कोलाय ओ-157. रुग्णांकडील व मांसाच्या वड्यांतील जिवाणूंच्या शिड्या जुळल्या, आणि या पद्धतीचे सामर्थ्य सर्वांना पटले. 1996 साली तेथे 'पल्सनेट' हे प्रयोगशाळांचे जाळे उभे राहिले. तेच विकर, तोच वेळ, तेच तापमान, तीच प्रमाण-शिडी असा कडक दंडक सर्व प्रयोगशाळांना घालून देण्यात आला, जेणेकरून एका राज्यातील चित्र दुसऱ्या राज्यातील चित्राशी पडताळता यावे. या दंडकाचे महत्त्व तंत्रापेक्षा कमी नव्हते. दूरदूरच्या राज्यांत विखुरलेले पाच-पाच रुग्ण वेगवेगळे पाहिले तर योगायोग वाटतात. एकाच शिडीखाली आले की ती साथ ठरते.

आता या पद्धतीची मर्यादा. दहावीस ठिकाणी सहासहा अक्षरे, म्हणजे प्रत्यक्षात शंभराच्या आसपास अक्षरेच या पद्धतीत 'वाचली' जातात. बाकी संहितेची केवळ लांबी कळते. एखाद्या महाकाव्याच्या प्रतीत 'उवाच' हा शब्द कोठे कोठे येतो आणि दोन 'उवाच'मधले अंतर किती, एवढ्यावरून दोन प्रतींची तुलना करावी, तसे हे आहे. अंतरे बदलली की काहीतरी घडले हे समजते. काय घडले ते समजत नाही. एक अक्षर बदलून कापण्याची एक जागा नाहीशी झाली तर दोन पट्ट्या जाऊन त्यांच्या जागी एक मोठी पट्टी येते, म्हणजे एकाच बदलाने तीन पट्ट्यांचा फरक पडतो. 1995 साली टेनोव्हर व सहकाऱ्यांनी याच हिशेबाने मार्गदर्शक नियम दिले : फरक नसेल तर अभिन्न, दोन-तीन पट्ट्यांचा असेल तर निकट संबंध, चार ते सहा असेल तर संभाव्य संबंध, सात किंवा अधिक असेल तर भिन्न. नियम सुज्ञ होते आणि एखाद्या स्थानिक, अल्पकालीन साथीपुरते होते. पुढे पुष्कळांनी ते कोठेही लावले. पाठचिकित्सेतही 'कठीण पाठ तो प्राचीन' यासारख्या नियमांचे हेच झालेले आहे.

शिडी हे चित्र आहे, आणि चित्राचे वाचन वाचणाऱ्यागणिक थोडे बदलते. संख्या बदलत नाही. 1998 साली मार्टिन मेडन व सहकाऱ्यांनी मेंदूज्वराच्या जंतूंसाठी मल्टिलोकस सीक्वेन्स टायपिंग ही पद्धत मांडली, ती या जाणिवेतून. जिवाणूच्या रोजच्या जगण्याला आवश्यक अशी सात जनुके निवडावयाची, प्रत्येकाचा चारपाचशे अक्षरांचा भाग अक्षरशः वाचावयाचा, आणि प्रत्येक वेगळ्या पाठाला क्रमांक द्यावयाचा. सात जनुकांचे सात क्रमांक म्हणजे त्या जिवाणूचा पत्ता. त्या पत्त्यालाही पुन्हा एक क्रमांक. ऑक्सफर्डमधील क्रमांक आणि केपटाउनमधील क्रमांक यांत तिळमात्र फरक पडत नाही, पडताळणीसाठी काहीही पाठवावे लागत नाही. परंतु निवडलेली जनुके आवश्यक असल्यामुळेच सावकाश बदलतात. साल्मोनेलात सात जनुकांची मिळून सुमारे 3,300 अक्षरे वाचली जातात, म्हणजे संहितेच्या दर दहा हजार अक्षरांमागे सात. मोठ्या कुळांचा प्राचीन इतिहास त्यातून उत्तम कळतो. शेजारच्या दोन घरांतला फरक कळत नाही. अंड्यांतून पसरणाऱ्या साल्मोनेला एन्टेरिटिडिसचे बहुसंख्य नमुने एकाच क्रमांकात, अकराव्या, गोळा होतात. असा क्रमांक साथीच्या तपासात हाती असून नसल्यासारखा असतो.

नेहमीच असे होते असे मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 साली लिस्टेरिया जिवाणूची जी साथ आली, तीत हजाराहून अधिक रुग्ण आणि 200 हून अधिक मृत्यू नोंदले गेले. रुग्णांत नवजात अर्भकांचे प्रमाण मोठे होते. तेथे रुग्णांकडील तपासलेल्या दहा नमुन्यांपैकी नऊ सहाव्या क्रमांकाचे निघाले. एवढ्या मोठ्या देशात विखुरलेल्या रुग्णांत एकच क्रमांक इतका प्रबळ असणे हाच एका समान उगमाचा पुरावा होता. जानेवारी 2018 मध्ये सोवेटो येथील एका पाळणाघरातली मुले आजारी पडली, तेथील शीतपेटीत 'पोलोनी' नावाचा तयार मांसपदार्थ सापडला, आणि तेथून माग एका कारखान्यापर्यंत गेला. शेवटची खात्री संपूर्ण संहिता वाचून झाली, हे खरे. पण दिशा ठोकळ क्रमांकानेच दाखवली. कोणते साधन पुरेसे आहे हे साधनाच्या सूक्ष्मतेवरच ठरत नाही, भोवतालच्या वस्तीत विविधता किती आहे यावरही ठरते.

सावकाश बदलणाऱ्या जागांच्या उलट टोकाला जी पद्धत जाते, तिचे संक्षिप्त नाव एमएलव्हीए असे आहे. संहितेत काही ठिकाणी एकच लहान क्रम पाठोपाठ अनेकदा येतो. अशा ठिकाणी नक्कल करणारी यंत्रणा घसरते, आणि पुनरावृत्तीची संख्या एकाने कमी किंवा जास्त होते. लेखनिकाची नजर समान शब्दावरून पुढच्या समान शब्दावर उडी मारते आणि मधली ओळ गळते, किंवा मागे येऊन तीच ओळ दोनदा लिहिली जाते, हा दोष कोणत्याही पोथीत सापडतो. येथे साधर्म्य केवळ रूपकापुरते राहत नाही. दोन्हीकडे चुकीचे कारण एकच आहे, की पुनरावृत्त मजकुरात आपण नेमके कोठे आहोत हे समजण्याची खूण उरत नाही. साल्मोनेला टायफिम्युरियमसाठी अशा पाच जागा मोजतात. पाच संख्या मिळतात, लवकर आणि थोड्या खर्चात. पण या जागा इतक्या चंचल असतात की, एकाच साथीतही एखादी संख्या बदललेली दिसते. आणि बदललेली संख्या पुन्हा मूळपदावरही येऊ शकते. गळलेली ओळ दोन लेखनिकांनी स्वतंत्रपणे गाळलेली असू शकते, म्हणून अनुभवी संपादक असल्या दोषावर वंशवृक्ष उभारत नाहीत. त्याच कारणाने ही पद्धत प्रत्येक प्रकारासाठी वेगळी बेतावी लागते, आणि तिची मातब्बरी ठरावीक जिवाणूंपुरतीच राहिली.

संपूर्ण संहितेचे वाचन आवाक्यात आल्यावर हे सारे एका अर्थाने मागे पडले. अमेरिकेत 2013 पासून लिस्टेरियाच्या नमुन्यांचे नियमित संपूर्ण वाचन सुरू झाले आणि 2019 मध्ये 'पल्सनेट'ने शिड्यांची पद्धत सोडून हीच मुख्य पद्धत म्हणून स्वीकारली. तरीही 'सर्व अक्षरे वाचली' म्हणजे 'सर्व अक्षरांची तुलना झाली' असे होत नाही. तुलनेच्या दोन रीती रूढ आहेत. पहिलीत एक ज्ञात संहिता आधारप्रत म्हणून घेतात आणि प्रत्येक नमुन्यात तिच्याहून कोणती अक्षरे वेगळी आहेत, ते मोजतात. ही रीत सर्वांत सूक्ष्म आहे, पण आधारप्रतीत जो भाग नाही त्याविषयी ती मौन बाळगते, आणि आधारप्रत दूरच्या कुळातली असेल तर निष्कर्षही लंगडे होतात. महाभारताची तुलना नीलकंठी पाठ समोर ठेवूनच केली, तर त्या पाठात नसलेले दाक्षिणात्य श्लोक नोंदलेच जाणार नाहीत, तसे. दुसऱ्या रीतीत सात जनुकांऐवजी त्या जातीच्या बहुतेक सर्व सदस्यांत आढळणारी हजारो जनुके घेतात : साल्मोनेलाच्या एका प्रचलित योजनेत 3,002, लिस्टेरियाच्या एका योजनेत 1,748. प्रत्येक जनुकाच्या पाठाला क्रमांक. एका जनुकात एक अक्षर बदलो वा दहा, फरक एकच मोजला जातो. म्हणून ही रीत किंचित ढोबळ, परंतु संकराला कमी फसणारी आहे, आणि क्रमांकांची भाषा सर्व देशांना समान राहते.

संकराचा मुद्दा येथे कळीचा आहे. लाखमनची पद्धत प्रत्येक प्रतीला एकच जनक आहे असे गृहीत धरते. भारतीय परंपरेत लेखनिकाच्या समोर पुष्कळदा दोन-तीन पोथ्या असत. पाठ ताडून पाहून तो त्यांतला बरा वाटेल तो घेई. एकनाथांनी शके 1506, म्हणजे इ. स. 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हाही अनेक अपपाठ त्यांच्यासमोर होते. अशा परंपरेत झाडाच्या फांद्या पुन्हा एकमेकींना जाऊन मिळतात. जिवाणूही आपली संहिता केवळ जनकाकडून घेत नाहीत. शेजाऱ्याकडून प्लाझ्मिडच्या रूपाने घेतात, विषाणूंकरवी घेतात. या आगंतुक मजकुराचे काय करावयाचे, हा दोन्ही शास्त्रांपुढचा समान प्रश्न आहे.

2011 च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत जी साथ उसळली, तिने हा प्रश्न धारेवर धरला. जर्मनीत 3,816 रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी 845 जणांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि 54 जण मरण पावले. 26 मे रोजी हॅम्बर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनहून आलेल्या काकड्यांकडे बोट दाखवले. त्या काकड्यांवर शिगा विष निर्माण करणारा ई. कोलाय खरोखरच सापडला होता. म्हणजे जात जुळत होती, विषही जुळत होते. पाच दिवसांनी वाण तपासून झाला तेव्हा कळले की, काकड्यांवरचा जिवाणू निराळा आहे. रुग्णांतला ओ-104 होता. तोवर स्पेनच्या भाजीपाल्याला बाजारात गिऱ्हाईक उरले नव्हते, माल शेतांवरच फेकला जात होता, रशियाने युरोपातील सर्व भाज्यांवर बंदी घातली, आणि शेतकऱ्यांच्या भरपाईसाठी युरोपीय संघाला सुमारे 21 कोटी युरो बाजूला काढावे लागले. 'जुळले' हा शब्द कोणत्या पातळीवरचा आहे हे न सांगता उच्चारला की काय होते, याचे याहून ठळक उदाहरण अलीकडच्या काळात नाही.

खरा माग प्रयोगशाळेने काढला नाही, हेही नोंदले पाहिजे. रुग्णांना आपण काय खाल्ले ते धड आठवत नव्हते. तेव्हा तपास करणाऱ्यांनी एका उपाहारगृहात जेवलेल्या गटांच्या मागण्या पाहिल्या आणि प्रत्येक पदार्थात काय काय पडते हे स्वयंपाक्याला विचारले. पदार्थावर शोभेला घातलेले मोड दोषी निघाले; 10 जूनला तसे जाहीर झाले. पुढे जूनमध्येच फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या बेग्ल या गावी काही लोक त्याच जिवाणूने आजारी पडले. त्यांनी खाल्लेले मोड तेथेच भिजवून काढलेले होते. दोन्ही ठिकाणांना जोडणारी वस्तू एकच उरली, ती मेथीचे बी. आणि त्या बियांचा माग 2009 मध्ये इजिप्तहून आलेल्या एका विशिष्ट मालापर्यंत पोहोचला.

जर्मन व फ्रेंच जिवाणूंच्या शिड्या अभिन्न होत्या. संपूर्ण संहिता वाचल्यावर मात्र एक अनपेक्षित गोष्ट दिसली. हजारो रुग्णांच्या जर्मन साथीतले नमुने एकमेकांशी जवळजवळ अक्षरशः समान होते, तर मूठभर रुग्णांच्या फ्रेंच साथीतले नमुने आपसांत अधिक भिन्न होते. एखादी दुर्मिळ पोथी एकाच मठात शंभरदा उतरली जावी आणि दुसऱ्या गावी तिच्याच चारपाच प्रती निरनिराळ्या हातांतून याव्यात, तसा हा प्रकार. जर्मनीत बहुधा मूळ संमिश्र वस्तीतला अगदी थोडा अंश शिरला आणि तोच बेसुमार वाढला. शिड्यांनी दोन्ही साथींना एका रेषेत बसवले असते. संहितेने त्यांचा इतिहास वेगळा दाखवला.

जिवाणू कसा घडला हेही संहितेतच लिहिलेले होते. आतड्याच्या भिंतीला घट्ट चिकटणाऱ्या एका जुन्या कुळातल्या ई. कोलायमध्ये एका विषाणूने शिगा विषाचे जनुक आणून घातले होते, आणि प्रतिजैविकांना दाद न देण्याचे सामर्थ्य एका प्लाझ्मिडवरून आले होते. म्हणजे घातक अंश तेवढा प्रक्षेप. वंशवृक्ष मांडताना प्रक्षेप बाजूला काढतात, कारण तो वंश सांगत नाही. सुखठणकरांनी गणेशाने लेखनिक होण्याची कथा आदिपर्वाच्या संहितेबाहेर काढली, ती याच न्यायाने. परंतु रोग्याच्या दृष्टीने प्रक्षेप हाच ग्रंथ असतो. वाण ओळखण्यासाठी जो भाग वगळावयाचा, तोच भाग उपचारासाठी वाचावयाचा, ही दुहेरी दृष्टी या शास्त्राला बाळगावी लागते. महाभारताचा वाचकही, खरे पाहता, प्रक्षिप्त भागावर कमी प्रेम करीत नाही.

आणखी एक गोष्ट. संशयित बियांत तो जिवाणू तपासणीत कधीच सापडला नाही. मूळ प्रत हाती नाही. ती होती, आणि कोठे होती, हे केवळ उत्तरकालीन प्रतींवरून व व्यापाराच्या कागदपत्रांवरून सिद्ध केले गेले. मूलादर्शाविषयी लिहिणाऱ्यांना या पुराव्याची प्रत चांगलीच परिचयाची आहे. इजिप्तने हा निष्कर्ष मानण्यास नकार दिला, यातही आश्चर्य नाही.

भारताशी निगडित प्रकरण 2012 चे. अमेरिकेच्या 28 राज्यांत व राजधानीच्या जिल्ह्यात 425 माणसे आजारी पडली. कारण होते भारतातून गेलेला ट्यूना माशाचा खरवडून काढलेला कच्चा गर. जिवाणू होता साल्मोनेला बरेली. या प्रकाराची जी शिडी रुग्णांत दिसत होती, ती साथीशी संबंध नसलेल्या कित्येक जुन्या नमुन्यांतही दिसे; म्हणून केवळ शिडीवरून कोण साथीतला आणि कोण बाहेरचा हे ठरवणे कठीण होते. पुढे संहिता वाचून साथीतले नमुने वेगळे काढता आले, आणि संग्रहातल्या जुन्या नमुन्यांत त्यांचे सर्वांत जवळचे नातलग निघाले ते संबंधित कारखान्यापासून अवघ्या काही किलोमीटरांवरच्या मत्स्यक्षेत्रातले. पण याच साथीत 15 रुग्णांकडे 'न्चांगा' नावाचा सर्वस्वी वेगळा साल्मोनेला सापडला होता. मासा तोच, वाण दोन. मलिन पाणी एकाच जातीचे जिवाणू वाहून आणीत नाही. समान वाण म्हणजे समान उगम हे अनुमान जितके मोहक, तितकेच भिन्न वाण म्हणजे भिन्न उगम हेही. आणि दुसरे तर अधिक धोक्याचे, कारण ते रुग्णांना हिशेबातून वगळते. किती अक्षरांच्या फरकापर्यंत 'एकच साथ' म्हणावे याचा सार्वत्रिक आकडा कोणीही देऊ शकत नाही. वर्षभर एखाद्या कारखान्याच्या गटारात वाढत राहिलेला जिवाणू आणि एका मेजवानीत एकदाच पसरलेला जिवाणू यांच्या फरकांचे माप एकच असणार नाही.

साम्य येथवर. लेखनिक विचार करतो. त्याला अर्थ लागला नाही तर तो दुरुस्ती करतो, पुण्य लाभावे म्हणून चार श्लोक वाढवतो. जिवाणूला हेतू नसतो. त्याच्या चुका टिकतात किंवा बुडतात एवढेच. म्हणून जिवाणूंच्या चुकांवरून काळाचा अंदाज बांधता येतो, पोथ्यांच्या बाबतीत तसे करणे धाडसाचे ठरते. तथापि देवाणघेवाण एकाच दिशेने झालेली नाही. 1998 साली इंग्लंडमध्ये चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील एका प्रस्तावनेच्या 58 हस्तलिखितांना जीवशास्त्रज्ञांच्या वंशवृक्ष काढणाऱ्या संगणक-कार्यक्रमांतून घालण्यात आले, आणि जीवशास्त्रज्ञ व साहित्याभ्यासक यांनी तो निबंध मिळून 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध केला. केंब्रिजमध्ये गणित शिकून संस्कृतकडे वळलेल्या सुखठणकरांना असल्या खटाटोपाचे वावडे नसते.

शिड्यांची पद्धत सुटल्याने दोन दशकांच्या चित्रांचा संग्रह नव्या क्रमांकांशी थेट जोडता येत नाही. जुना नमुना गोठवून जपलेला असेल तरच तो पुन्हा वाढवून त्याची संहिता वाचता येते. या बाबतीत जिवाणूंचे संग्रहालय पोथीशाळेहून भाग्यवान आहे, कारण तेथली जुनी प्रत जिवंत होऊ शकते. परंतु आता रुग्णालयांतून निराळीच अडचण उभी राहिली आहे. जलद निदानाच्या नव्या चाचण्या विष्ठेतल्या डीएनएवरून जिवाणूचे नाव काही तासांत सांगतात. जिवाणू वाढवण्याची गरज राहत नाही आणि पुष्कळदा तो वाढवला जातही नाही. रुग्णावर उपचार लवकर होतात, पण वाण ठरवण्यासाठी प्रयोगशाळेकडे पाठवावयाला काहीच उरत नाही. म्हणून अशा चाचणीत जिवाणू आढळला की, तोच नमुना लगेच पुन्हा वाढवून ठेवावा, असा आग्रह सार्वजनिक आरोग्याच्या प्रयोगशाळा धरीत आहेत. हा जादा खर्च रुग्णालयाने सोसावा की शासनाने, यावर वाद चालू आहे.